एका टिकलीत पाच

आमचे काका वेळ सांगायचे तीसुद्धा व्हर्नियरनं मोजल्यासारखी. किती वाजले असं विचारलं तर "सव्वासात" असं सुटसुटीत उत्तर त्यांच्याकडून मला कधी मिळालं नाही. "सात तेरा. माझं घड्याळ चार सेकंद पुढे आहे," असं म्हणायचे आणि ते चार सेकंद समोरच्यानं मनात वजा केले की नाही, हे चष्म्यावरून बघायचे.

ते माझे नात्याचे कोणी नव्हते. परदेशात, मनुरेवा नावाच्या उपनगरातल्या त्यांच्या घरामागे, लिंबाच्या झाडाला खेटून एक सुटी खोली होती. इकडे तिला स्लीपआउट म्हणतात. तिथे मी साडेतीन वर्षं भाड्यानं राहिलो. काकांचं अर्धं आयुष्य पिंपरीच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये आणि उरलेलं इथल्या एका टूलरूममध्ये गेलं होतं. निवृत्त झाल्यावर मोजायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी एक रायफल घेतली, बोल्ट मागेपुढे सरकवून एकेक गोळी भरायची. शिकार करायला नव्हे. माणूस चातुर्मासात कांदालसूणसुद्धा खात नसे. नेमबाजीच्या रेंजवरचे शिकारी त्यांना डोंगरात चला म्हणायचे, तेव्हा काका शांतपणे सांगायचे, "हरणानं माझं काय बिघडवलंय? माझं भांडण कागदाशी आहे."

कागदाशी भांडण म्हणजे असं. शंभर मीटरवर एक पांढरा कागद लावायचा, त्याच्या मधोमध काकूंची टिकली चिकटवायची, आणि पाच गोळ्या अशा मारायच्या की पाचही भोकांची कड त्या टिकलीला लागली पाहिजे. चार लागून झाल्या होत्या, बऱ्याचदा. पाच कधीच नाही. अकरा वर्षं हे भांडण चालू होतं.

टिकली मरून रंगाची, बारा मिलिमीटरची. ती आणायला काका स्वतः पापाटोएटोच्या देशी बाजारात जायचे. तिथल्या दुकानात मी एकदा त्यांच्याबरोबर होतो. काकांनी खिशातून व्हर्नियर काढला आणि पाकिटातली एकेक टिकली मोजायला घेतली. दुकानाच्या बाई गुजराथी. त्यांनी माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "अंकल को कुछ हुआ है?" मी म्हणालो, "नहीं, पहले से है."

आमची पहिली खरी ओळख चिंचेवरून झाली. मी नवा होतो, आमटी करायला घेतली होती आणि चिंच नव्हती. काकूंना विचारायला गेलो तर त्या घरात नव्हत्या, गराज मात्र उघडं होतं. आत बाकावर मोठ्या पातेल्यात चिंचेचा मस्त दाट कोळ. मी वाटीभर घेतला आणि वळलो तर दारात काका.

"ते काय करतोयस?"

"आमटीत घालतोय, काका. थोडाच घेतलाय."

काकांनी वाटी माझ्या हातातून काढून घेतली, पातेल्यात डाव फिरवला आणि खालून वीस-पंचवीस पितळी नळ्या वर आणल्या. झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या. त्यांची काजळी काढायला काकांनी त्या भिजत घातल्या होत्या. जगभरचे लोक यासाठी यंत्रं आणि रसायनं घेतात, काका देवाची भांडी जशी घासतात तशी चिंचेनं घासत. एवढ्यात काकू आल्या, त्यांनी सगळं पाहिलं आणि किंचाळल्या, "अरे, त्यात शिसं असतं! मेला असतास!"

काका म्हणाले, "मोजून ठेवल्या होत्या. एक कमी झाली असती."

त्यांचा तो गराज म्हणजे देवघरच होतं. गाडी बिचारी बाहेर पावसात उभी. रायफल भिंतीत पक्क्या बसवलेल्या लोखंडी तिजोरीत, तिचा बोल्ट वेगळ्या कपाटात, पावडर तिसऱ्या कपाटात, आणि तिन्हीच्या किल्ल्या काकांच्या गळ्यातल्या दोरीला. बाकावर हातानं दाबायचा एक प्रेस. पुंगळी घासायची, प्रेसमध्ये घालून पुन्हा आकारात आणायची, लांबी मोजायची, खाली ठिणगी देणारी नवी टोपी बसवायची, आत पावडर तोलून घालायची आणि वर गोळी दाबून बसवायची. एका काडतुसाला दहा-बारा मिनिटं. मी एकदा विचारलं की दुकानात तयार मिळतात ना?

"दुकानात शर्टही तयार मिळतात. तुला कुठला खांद्यावर बसतो?"

माझे खांदे उतरते आहेत.

काकांचा सिद्धान्त असा की प्रत्येक रायफलीला एक ठरावीक पावडर आवडते, केसभर जास्त नको, केसभर कमी नको. ती आवड पुस्तकात नसते. पुस्तक फक्त कमाल मर्यादा सांगतं, आणि काका त्या मर्यादेच्या आसपासही फिरकत नसत. "मर्यादा ही जायची जागा नाही, लांबून नमस्कार करायची जागा आहे." मग पाच-पाच काडतुसांच्या ओळी करायच्या, प्रत्येक ओळीत पावडर इवलीशी वाढवायची, आणि प्रत्येक ओळ वेगळ्या कागदावर झाडून बघायची. कुठल्यातरी एका कागदावर भोकं एकमेकांजवळ येऊन बसतात. ती आवड.

"अंदाजे" हा शब्द त्या घरात काकांपुढे उच्चारायची सोय नव्हती. फक्त काकू उच्चारायच्या.

"चाळीस वर्षं माझ्या अंदाजाचं मीठ खाताय."

"आणि चाळीस वर्षं रोज आमटी वेगळी लागतेय."

"म्हणून तर कंटाळला नाहीत!"

सगळ्या प्रयोगांची नोंद एका जाड वहीत असे. तारीख, तपमान, वारा, पावडर, निकाल, आणि शेवटचा रकाना: कारण. हा रकाना काकांनी कधी मोकळा सोडला नाही. चुकलेल्या प्रत्येक गोळीला कारण असतंच आणि ते सापडलंच पाहिजे. कारणं वाचण्यासारखी होती. "वारा, डावीकडून." "ख्राइस्टचर्चहून मुलीचा फोन." "साबुदाणा." मी गराजमध्ये मदतीला जायला लागलो त्यानंतर मात्र वहीत एक नवं कारण वरचेवर दिसू लागलं. पावडर तोलताना मी शिंकलो आणि तराजूतले दाणे उडाले: "शिंक (भाडेकरू)." काकांना थंडी वाजत असेल म्हणून मी प्रेमानं बाकाखाली हीटर लावला आणि गरम हवेनं काटा डोलायला लागला: "हीटर (भाडेकरू)." माझं नाव त्यांना माहीत होतं. वहीत मात्र मी कायम कंसातला भाडेकरू. पोटासाठी मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा मला पगार मिळतो. हे ऐकल्यावर काका बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले होते.

त्यानंतर काकांनी मला तराजूला हात लावू दिला नाही. पुंगळ्या पुसणं आणि डबा उचलणं, एवढंच माझं खातं.

तर अशात मुलीनं ख्राइस्टचर्चला तिच्या घराजवळ एक छोटं युनिट बघितलं. सगळं जमिनीलगत, जिने नाहीत, दवाखाना जवळ. गराज नाही. काकू हरखल्या. काकांनी प्लॅन मागवला, त्यावर फूटपट्टी ठेवली आणि म्हणाले, "बाक बसत नाही." काकू म्हणाल्या, "मी बसते ना? पुरे."

काकांनी वाद घातला नाही. फक्त एवढंच म्हणाले की जायच्या आधी एकदा पाच लागू देत, मग प्रेस आणि रायफल दोन्ही क्लबातल्या कुणालातरी विकून टाकतो. पण पाच लागल्याशिवाय गेलो तर त्या युनिटमध्ये मला झोप येणार नाही. हे त्यांनी इतक्या साध्या आवाजात सांगितलं की काकूंनी कॅलेंडर काढून शनिवार मोजले. सामानाचा ट्रक यायला चार आठवडे होते. त्यांच्या रायफलीला मानवणाऱ्या पावडरीचा शेवटचा अर्धा डबा उरला होता. नवा डबा आणला तर तो दुसऱ्या लॉटचा, म्हणजे सगळं पहिल्यापासून.

काकांनी आठवडाभर बसून पंचवीस काडतुसं भरली. पाच ओळी, पाच वजनं. डब्यात ओळीनं लावून प्रत्येक ओळीपुढे कागदाची चिठ्ठी. मी म्हणालो, "काका, प्रत्येक काडतुसावर मार्करनं एकेक ठिपका द्या ना. चुकून मिसळली तर?"

"शाईला वजन असतं," काका म्हणाले.

आता तो शनिवार. आदल्या दिवशी काकांनी मला बजावलं होतं की रेंजवर बूट घालून ये. मी जँडल, म्हणजे आपली रबरी स्लीपर, घालून गेलो. ऊन छान होतं, आणि इकडे ऊन पडलं की बँकेतसुद्धा लोक जँडल घालून जातात. रायफल घेऊन काका पुढे रेंजच्या नोंदवहीत सही करायला गेले, डबा घेऊन मी मागे. पार्किंगमधून खाली उतरताना ओल्या गवतावर माझा डावा जँडल पुढे गेला, मी मागे राहिलो, आणि डबा आमच्या दोघांच्या मधून गेला.

झाकण उघडलं. पंचवीसच्या पंचवीस गवतात.

काका पाठमोरे होते. दहा पावलांवर. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. आयुष्यातले सगळे घोटाळे मी त्या मिटण्यात करतो. भराभर सगळी वेचली, टी-शर्टला पुसली, डब्यात परत लावली. एकालाही खरचटलं नव्हतं. दिसायला सगळी सारखी, जशी एकाच गणवेशात उभी केलेली पाच भावांची पोरं. कुठली कुणाची, देव जाणे. मी पाच ओळी केल्या, सुबक केल्या, चिठ्ठ्या सरळ लावल्या. मनाशी म्हटलं, फरक तो कितीसा, केसभराचा. धोका काहीच नव्हता, सगळीच वजनं मर्यादेच्या खूप खाली. आणि केसभरानं असं काय होणार?

केसभरानं काय होतं ते पुढच्या तासाभरात मी पाहिलं. पाच कागद, आणि पाचही कागदांवर भोकं अशी विखुरलेली, जणू फोडणीतली मोहरी उडाली आहे. रेंजचा प्रमुख म्हणजे एक आडदांड माओरी शेतकरी, काकांना प्रोफेसर म्हणायचा. त्यानं दुर्बिणीतून बघितलं आणि नेहमीसारखं "स्वीट ॲज, प्रोफेसर!", म्हणजे झकास, असं म्हणायच्या ऐवजी काकांच्या पाठीवर नुसता हात ठेवला. काका रायफल पुसत होते. परतीच्या वाटेवर त्यांनी वेळसुद्धा सांगितली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गराजमध्ये गेलो तर काका पाना घेऊन प्रेसचे नट सैल करत होते. वही उघडी होती. पाच ओळी, पाच निकाल, आणि शेवटच्या रकान्यात पाचही वेळा एकच शब्द.

"मी."

"डोळा गेला असेल, नाहीतर हात," काका नटाकडे बघत म्हणाले. "काही असो. मुलीला सांगितलंय, ट्रक लवकर मिळत असेल तर बघ."

मी खोलीत परत आलो. चहा केला, प्यायलो नाही. मग उठलो आणि सरळ त्यांच्या स्वयंपाकघरात गेलो. काकू थालीपीठ थापत होत्या, काका टेबलाशी.

"काका, डबा माझ्या हातून पडला होता."

"कुठला डबा?"

"काल. रेंजवर. काडतुसं मिसळली. मी अंदाजे लावली."

काकूंचा हात तव्यावर थांबला. तो शब्द त्या घरात पुरुषाच्या तोंडून पहिल्यांदाच आला होता.

काका उभे राहिले. "किती पडली?"

"सगळी."

"सगळी म्हणजे?"

"पंचवीस."

"पंचवीसच्या पंचवीस? एकसुद्धा ओळ शाबूत नव्हती? नीट आठव."

"नाही हो काका, एकसुद्धा नाही. सॉरी. मी खरंच..."

"अगं ऐकलंस का!" काका ओरडले. "यानं पाडली! सगळी पाडली या गाढवानं! म्हणजे माझा डोळा ठीक आहे!" आणि त्यांनी मला मिठी मारली. साडेतीन वर्षांत पहिली. काकूंना माझ्यावर चिडायचं होतं, पण नवऱ्याचं तोंड बघून त्यांना हसूच आवरेना. "बस, थालीपीठ खा," त्या म्हणाल्या. "मग तुला बघते." काकांनी तिथेच वही आणली, पाचही "मी" फूटपट्टी लावून खोडले आणि प्रत्येकापुढे लिहिलं: "जँडल (भाडेकरू)."

तेवढ्यावर सुटलो नाही. पुढची चाळीस मिनिटं, काकांच्या घड्याळानं एक्केचाळीस, मी पादत्राणं या विषयावर व्याख्यान ऐकलं. शेवटी मी धीर करून म्हटलं, "पण ठिपका दिला असता तर..." काकूंनी कपाटातून नेलपॉलिशच्या तीन बाटल्या आणून काकांपुढे आपटल्या. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्या दिवसापासून शाईला वजन नाही असं ठरलं.

पुढच्या शनिवारी बूट. तीन रंगांची पंधरा काडतुसं, आणि गुलाबी ठिपक्याची ओळ कागदावर अशी एकत्र बसली की काकांनी व्हर्नियर काढून ती दोनदा मोजली. आवड सापडली होती. पण टिकलीला त्या दिवशी चारच लागल्या, आणि घरी येऊन पावडरीचा डबा तराजूवर उपडा केला तेव्हा बरोब्बर पाच काडतुसांपुरती पावडर निघाली.

चार त्यांनी भरली. पाचव्याच्या वेळी खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, "बस."

"मी?"

"चूक तुझ्या पोटात राहत नाही, एवढं कळलं मला. अशा माणसाच्या हाती तराजू द्यायला हरकत नाही. शिंकू नकोस."

मी तोललं. काकांनी तीनदा परत करायला लावलं. गोळी बसवली, गुलाबी ठिपका दिला, काकांनी मोजलं आणि ओळीत तिसऱ्या जागी ठेवलं. "मध्ये असलं की दोन्हीकडून नजर राहते."

शेवटच्या शनिवारी काकूही आल्या. तिथे गेल्यावर लक्षात आलं की टिकल्यांची पाकिटं खोक्यात पॅक झाली आहेत. काका पांढरे पडले. काकूंनी कपाळावरची काढली आणि कागदावर दाबून बसवली. "परत आणा," म्हणाल्या, "भोकासकट."

काकांचा नियम असा की पाचही झाडून होईपर्यंत कुणी तिपाईवरच्या मोठ्या दुर्बिणीला डोळा लावायचा नाही. मध्येच निकाल कळला की हात नको तितका शहाणा होतो. एक. दोन. तिसऱ्याला मी डोळे मिटले. चार. मग काका खूप वेळ थांबले. इतका वेळ की प्रमुखानं माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. पाच.

तो दुर्बिणीकडे गेला, वाकला, आणि ओरडला, "फोर! फोर इन वन होल, प्रोफेसर! वन इज आउट."

कागद आणला. टिकलीच्या मधोमध एकच भोक, कडा फाटलेलं, चार गोळ्यांचं. आणि दोन बोटं वर, पांढऱ्या कागदावर एकटंच, एक. एक काडतूस मी भरलंय हे काकूंनी आल्याआल्या सांगून टाकलं होतं, सगळ्यांच्या माना एकदमच माझ्याकडे वळल्या. प्रमुखानं विचारलं, "व्हिच वन वॉज युअर मेट्स?" आणि उत्तराची वाट न बघता हसत सुटला. काकू म्हणाल्या, "अगं बाई, तेवढं एक याला कशाला भरायला दिलंत!" मी मान खाली घातली. काका चष्मा पुसत होते. ते हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. फक्त गाडीत बसल्यावर त्यांनी वेळ सांगितली, सेकंदांसकट, आणि घरापर्यंत शीळ वाजवत आले.

रायफल आणि प्रेस प्रमुखानंच घेतले. ट्रक आला, गेला. निघताना काकांनी वही माझ्या हातात दिली. "तुझ्याकडे ठेव. तिकडे ठेवायला जागा नाही." मी ती तीन आठवडे उघडली नाही. शेवटच्या पानावर कंसात कोण असणार ते मला ठाऊक होतं. तिकडे काकूंनी तो कागद फ्रेम करून स्वयंपाकघरात लावला, व्हिडिओ कॉलवर दाखवला. "हे चार यांचे, आणि हा बाहेरचा आमच्या भाडेकरूचा!" येणाऱ्याजाणाऱ्याला त्या हेच सांगतात. नातीनं तिकडून म्हटलं, "आजी, दॅट्स सो मीन."

मग एका रविवारी, पाऊस होता आणि आमटी उतू जात होती, तेव्हा मी वही उघडली. शेवटचं पान. काकांचं टूलरूममधलं सरळ अक्षर.

"तिसरी: भाडेकरूची. आत. चौथीनंतर रायफलीच्या भिंगातून पांढरा कागद स्वच्छ दिसला, म्हणजे चारही आत. पाचवी: माझी. बाहेर."

आणि कारणाच्या रकान्यात, कंसाशिवाय, एकच शब्द: "आनंद."

मी लगेच फोन लावला. काकूंनी उचलला. "बोल रे बाहेरच्या! कसा आहेस?"

"मजेत, काकू. काकांची झोप कशी आहे?"

"अरे, घोरतात! पहिल्या दिवसापासून. का रे?"

चूक पोटात राहत नाही, असं काका माझ्याबद्दल म्हणाले होते. माझी नाही राहत. त्यांची मी ठेवली होती, आजपर्यंत.